जुनं ओमेगा ऑनलाइन घेतलं आणि पोळलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घड्याळांचा व्यापारी नाही आणि घड्याळजीही नाही. ठाण्यात राहतो, नोकरी करतो, आणि एकदा पावणेदोन लाख रुपये मोजून एक जुनं ओमेगा ऑनलाइन मागवलं. त्यात काय झालं हे आधी मित्रांना कळलं, मग मित्रांच्या मित्रांना, आणि फोन सुरू झाले. परवा एका मुंजीत पंगतीला बसलो असताना शेजारच्या गृहस्थांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली, मनगट पुढं केलं आणि विचारलं, "हे खरं आहे का हो?" तेच तेच दहादा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं?

घड्याळ होतं ओमेगा सीमास्टर ३०० मीटर, निळ्या डायलवर लाटांची नक्षी असलेलं. हे मॉडेल १९९३ साली आलं. कॉलेजात असताना दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसलो होतो, तिथं एका मासिकात त्याची पानभर जाहिरात पाहिली होती. ते मनात बसलं ते बसलंच. आजचं नवं सीमास्टर खिशाबाहेरचं, म्हणून जुन्याच्या मागे लागलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे सापडलं. अकरा फोटो आणि खाली तीन वाक्यं: 'मिंट कंडिशन. फुल्ली सर्व्हिस्ड. ऑल ओरिजिनल.' दोन रात्री झोप आली नाही, तिसऱ्या दिवशी पैसे भरले.

पार्सल आलं त्या संध्याकाळी घड्याळ देखणं दिसत होतं, घरच्यांनीही कौतुक केलं. रात्री दिवा घालवला, उशाशी ठेवलेल्या घड्याळाकडे बघितलं, तर तिन्ही काटे हिरवेगार चमकत होते आणि डायल काळंठिक्कर. एक ठिपका उजळला असेल तर शपथ. विहिरीत काजवे दिसावेत तसे काटे नुसते अधांतरी फिरत होते.

उठलो, टेबलाचा दिवा लावला, भिंग काढलं. डायलच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही अंगांना बारीकसं 'टी' हे अक्षर. ही ट्रिटियमची, म्हणजे ठिपके उजळवणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाची खूण. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे नव्वदीतल्या डायलचे ठिपके आज विझलेले असणं अगदी रास्त आहे. मग काटे कसे चमकतात? कारण ते नंतर बसवलेले, ट्रिटियमच्या जागी आलेल्या सुपर-ल्युमिनोव्हा या चमकत्या रंगाचे. 'ऑल ओरिजिनल' तिथंच निकालात निघालं.

आता हात थांबेना. ओमेगा आपल्या सफायर काचेच्या मधोमध स्वतःचं चिन्ह इतकं बारीक कोरतं की दिव्याखाली काच तिरकी धरून शोधावं लागतं. माझ्या काचेत ते नव्हतं, म्हणजे काच बाजारची, कंपनीची नव्हे. पट्टा जिथं केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, अडकतो त्या टोकांच्या, म्हणजे लगच्या, कडा पॉलिशवाल्याने घासून घासून साबणाच्या वडीसारख्या गोल केलेल्या. पट्टा मनगटावर मिटेना, दोन कड्या कमी. सकाळी ताडून बघितलं तर घड्याळ मागे पडत होतं. पुढचे तीन दिवस मोजलं, दिवसाला सरासरी २५ सेकंद.

म्हणजे ते नकली होतं?

नाही. हेच लोकांना पटवताना दमछाक होते. लगच्या मागचा सिरियल नंबर बरोबर, आतलं मशीन बरोबर: कॅलिबर ११२०, ईटीए या स्विस कंपनीच्या २८९२ मशीनच्या पायावर ओमेगाने बांधलेलं. घड्याळ अस्सल, वर्णन खोटं.

नकलीची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून सगळे एकच विचारतात, "खरं आहे ना?" विक्रेता छातीठोकपणे "हो" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. स्थळ बघण्यासारखंच आहे हे. मुलगा खरा असतो, पगाराचा आकडा तपासायचा असतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतली बहुतेक घड्याळं खरीच निघाली. कुणाचं डायल पुन्हा रंगवलेलं, कुणाचे काटे दुसऱ्या घड्याळाचे, कुणाचं तेल कधीचं सुकलेलं. म्हणून "खरं आहे का" हा प्रश्न पहिला असू द्या, शेवटचा नको.

'मिंट' आणि 'फुल्ली सर्व्हिस्ड' याचा अर्थ काय घ्यायचा?

विक्रेत्याला हवा तो. 'मिंट'ची कुठं व्याख्या ठरलेली नाही. 'सर्व्हिस्ड'मध्ये मशीन सुटं करून, धुऊन, नवं तेल घालून, नवी वायसरं बसवण्यापासून ते नुसतं फडकं मारण्यापर्यंत सगळं बसतं. चार गोष्टी लेखी विचारा: सर्व्हिस कुणी केली, कधी केली, कोणते भाग बदलले, बिल आहे का. "आमच्या इन-हाउस टेक्निशियनने केली" असं उत्तर आलं आणि बिल नसेल, तर सर्व्हिस झालीच नाही असं धरून किंमत बोला. पुढं ती तुम्हालाच करावी लागणार आहे.

'ऑल ओरिजिनल'ऐवजी एकेक भाग विचारा. डायल? काटे? काच? बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं? चावी? पट्टा? प्रत्येकापुढं 'मूळचा', 'कंपनीचाच पण बदललेला' किंवा 'बाजारचा' असं लिहून मागा. सरळ माणूस दहा मिनिटांत लिहून देतो. मला आता घड्याळाच्या फोटोंपेक्षा या उत्तराला किती वेळ लागतो यावरून जास्त कळतं.

फोटोत काय बघायचं?

सगळ्यात आधी लग. नव्या घड्याळाला ब्रश केलेल्या आणि आरशासारख्या भागांमध्ये धारदार रेघ असते. पॉलिश जास्त झालं की ती रेघ विरघळते, चारही लगांची जाडी सारखी राहत नाही, पिनेची भोकं कडेला सरकल्यासारखी वाटतात. एकदा घासलेलं स्टील परत येत नाही. काच बदलता येते, काटेही बदलता येतात. केस गेली की गेली.

पट्टा आडवा धरलेला फोटो मागा. कड्या झिजल्या असतील तर तो ओल्या नाडीसारखा खाली लोंबतो. पट्टा आतून किती इंच मनगटाला पुरतो हेही विचारा. हा प्रश्न मी विचारला असता तर दोन कड्यांसाठी तीन महिने शोधाशोध करावी लागली नसती.

फोटो सगळे एकाच बाजूने, एकाच मऊ उजेडात काढलेले असतील तर व्हिडिओ मागा. त्यात उन्हात फिरवलेलं घड्याळ हवं, दिवे घालवून डायल हवं, बाराच्या पुढं काटे नेऊन तारीख बदलताना हवी. या वयाच्या कुठल्याही घड्याळासाठी अंधारातला फोटो मागाच. काटे आणि ठिपके एकत्र चमकावेत किंवा एकत्र विझलेले असावेत. एकच बाजू चमकत असेल तर कुठंतरी अदलाबदल झाली आहे.

टाइमग्राफरचा फोटो पाठवतात, तो कसा वाचायचा?

टाइमग्राफर म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून आकडे दाखवणारं यंत्र. तीन आकडे बघायचे. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढं किंवा मागं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था ज्या मशीनला क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते त्याची सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावी लागते. तीस वर्षांच्या घड्याळाकडून तेवढ्याची अपेक्षा करू नये, पण नुकतं सर्व्हिस झालेलं असेल तर फार लांबही जाऊ नये. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातल्या २५ सेकंदांचं काय एवढं, असं मला विक्रेत्याने लिहिलं होतं. हिशेब बरोबर आहे. पण मग माझी भिंतीवरची क्वार्ट्झ घड्याळं त्याहून सरळ चालतात, त्याचं काय!

दुसरा आकडा अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचं चक्र किती अंश झोका घेतं. पूर्ण चावी दिलेलं, डायल वर ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३१० दाखवतं. २०० च्या आसपास आलं तर तेल सुकलं किंवा घाण साठली. तिसरा बीट एरर: टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं आहे का. तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असला की झालं.

माझं घड्याळ दादरच्या एका घड्याळजी काकांकडे नेलं. त्यांनी टाइमग्राफरच्या माइकवर ठेवलं. अँप्लिट्यूड १९८. काकांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर चढवलं.

"सर्व्हिस कधी केलीय म्हणतात?"

"गेल्या महिन्यात."

"अहो, गेल्या महिन्यात पुसलं असेल. तेलाचा टिपूस नाही आत."

एक लबाडी लक्षात ठेवा. विक्रेते घड्याळ ज्या स्थितीत सगळ्यात चांगलं चालतं तेवढाच फोटो धाडतात. डायल वर, डायल खाली आणि चावी खाली, अशा तिन्ही स्थितींतले आकडे मागा. फरक मोठा असेल तर तो तिथं उघडा पडतो.

आल्यापासून घड्याळ रोज कितीतरी मिनिटं पुढं पळतंय. फसलो का?

थांबा, लगेच भांडायला जाऊ नका. चांगलं चालणारं घड्याळ अचानक मिनिटांनी पुढं पळायला लागलं की पहिला संशय चुंबकाचा. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकीय झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. फोनचं चुंबकी कव्हर, स्पीकर, इंडक्शन शेगडी, काहीही पुरतं. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि घड्याळ जवळ न्या. सुई वेड्यासारखी हलली तर बहुधा तेच. घड्याळजीकडे चुंबक काढायचं छोटं यंत्र असतं, काम अर्ध्या मिनिटाचं. दादरच्या काकांनी माझ्या मेहुण्याच्या घड्याळाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, चहा पाजला वर. ओमेगाची आजची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉस ताकदीच्या चुंबकाला दाद देत नाहीत, पण जुन्यांची गोष्ट वेगळी.

डायलवर ३०० मीटर लिहिलंय. पाण्यात चालेल ना?

ते नव्या घड्याळाबद्दल लिहिलेलं आहे. रबराची वायसरं वाळतात. प्रेशर टेस्टचा ताजा कागद हातात नसेल तर पोहायला सोडाच, गणपती विसर्जनाला कमरेएवढ्या पाण्यातही घालून उतरू नका.

बॉक्स आणि पेपर्स असले म्हणजे निश्चिंत?

बॉक्स वेगळे विकत मिळतात, कोरी वॉरंटी कार्डंही बाजारात फिरतात. माझ्याबरोबर आलेला लाल बॉक्स ओमेगाचाच होता, पण माझ्या घड्याळाचा नव्हता. कार्डावरचा सिरियल नंबर लगच्या मागच्या नंबराशी जुळतो का एवढं बघा. जाहिरातीत विक्रेता शेवटचे आकडे झाकतो यात गैर नाही, पण पैसे भरण्याआधी पूर्ण नंबर दाखवायला का-कू करत असेल तर तिथूनच नमस्कार करा. तो नंबर हाती असला की चोरीच्या आणि हरवलेल्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या 'द वॉच रजिस्टर'वर फी भरून तपासता येतो. खरं, सुंदर, स्वस्त आणि चोरीचं, असंही घड्याळ असू शकतं.

पार्सल हातात आलं. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

खोक्यावरच्या लेबलपासून ते घड्याळ बाहेर येईपर्यंत एकाच सलग व्हिडिओत उघडा, मध्ये कट नको. प्लास्टिकच्या चिकटपट्ट्या आणि टॅग काढू नका. मनगटावर बांधून मिरवायचा मोह आवरा. तपासा, फोटो काढा, आणि जे खटकलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं तरी ईमेल करा, त्यात जाहिरातीतली त्यांचीच वाक्यं जशीच्या तशी लिहा आणि प्रत्येकाखाली तुम्हाला काय आढळलं ते. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र पैसे भरायच्या आधीचाच हवा. माझं पान तक्रार गेल्यावर दुसऱ्या दिवशी गायब झालं होतं.

आणि मागचं झाकण उघडू देऊ नका. इथं मी चुकलो. काकांनी विचारलं, "उघडू का?" आणि मी उत्साहात हो म्हणालो. आत काय आहे ते कळलं खरं, पण विक्रेत्याचं उत्तर आलं: 'केस उघडल्यामुळे रिटर्न लागू होत नाही.' टाइमग्राफर झाकण न उघडताही चालतो. ठिपक्या-काट्यांची चमक, काच, लग, पट्टा सगळं बाहेरून दिसतं. परत करायचं पक्कं ठरलं असेल तर आत बघायची गरजच नसते.

विक्रेता परत घेत नाही म्हणतोय. कायदा काय म्हणतो?

भारतात ऑनलाइन खरेदीला 'मन बदललं, परत घ्या' असा सरसकट हक्क नाही. पण वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर गोष्ट बदलते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुणविशेष त्यात नसतील, तर ऑनलाइन बाजारात विकणाऱ्या विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न' असं पानावर लिहिलं म्हणून हा नियम पुसला जात नाही. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावर माझ्या ईमेलचा सूरच बदलला.

पायऱ्या अशा. आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत बसलेला का असेना. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल आहे. वकील लागतोच असं नाही.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. विक्रेत्याने आधी १५,००० रुपयांचं 'स्टोअर क्रेडिट' देऊ केलं, म्हणजे त्यांच्याकडूनच आणखी एक घड्याळ घ्यायचं! मी तीन वाक्यं आणि सहा फोटो असलेली तक्रार तयार करून मसुदा त्यांना पाठवला. झाकण उघडलं होतं म्हणून मीही थोडा ढिला होतो. शेवटी ४५,००० रुपये खात्यात परत आणि घड्याळ माझ्याकडे, यावर मिटलं. न्याय झाला का? अर्धा.

विकणारा दुकानदार नाही, साधा खासगी माणूस आहे. मग?

मग ग्राहक कायद्याचा फारसा उपयोग नाही. पण वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावर विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, हे खासगी सौद्यालाही लागू आहे. फक्त त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. पैसे घेऊन माणूस गायब झाला किंवा डब्यात दगड निघाला तर तो सायबर गुन्हा. योगायोगाने त्या हेल्पलाइनचा नंबरही १९३०. तिथं फोन पहिल्या काही तासांत गेला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी नाही.

खासगी माणसाकडून घ्यायचं तर समोरासमोर भेटा, शक्यतो घड्याळजीच्या काउंटरवर. त्याला दोनशे रुपये द्या, यंत्रावर लावून घ्या, मग पैसे द्या. "मी पुण्याबाहेर आहे, भाऊ येऊन देईल, आधी निम्मे टाका" हा माणूस पुण्यात कधीच नसतो.

पैसे कसे द्यावेत?

क्रेडिट कार्डाने, दोन टक्के जास्त मागितले तरी. वाद झाला तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो, मात्र त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून ढकलत बसू नका. यूपीआयने कुणाच्या वैयक्तिक खात्यावर गेलेले पैसे परत आणणं त्याच्या मर्जीवर. मी एनईएफटी केलं होतं, पाच हजार वाचले म्हणून खूशही होतो.

जपानहून मागवू का? तिथली जुनी घड्याळं चांगली म्हणतात.

बरीचशी चांगली असतात, आणि तिथले मोठे दुकानदार ओरखडासुद्धा लिहून देतात. पण घड्याळ दारात येईपर्यंतचा खर्च आधी कागदावर मांडा. सीमा शुल्क नुसत्या किमतीवर नसतं, त्यात वाहतूक आणि विमा धरतात, आणि वर जीएसटी. "किंमत कमी दाखवून गिफ्ट म्हणून पाठवतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तो गुन्हा आहे, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळेल.

मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर तो काढूनच पाठवायला सांगा. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याला परवाना लागतो आणि दीडशे डॉलरच्या पट्ट्यापायी अख्खं घड्याळ कस्टममध्ये अडकतं.

नापसंत पडलं आणि परत पाठवलं तर भरलेलं शुल्क आपोआप परत येत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ खाली, माल परत निर्यात केल्यास ९८ टक्क्यांपर्यंत परतावा मागता येतो. पण घड्याळ वापरलं असेल तर आकडा खाली येतो, आणि कागदपत्रांचा तो डोंगर एका घड्याळासाठी चढलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

माझा भाऊ लंडनला असतो. त्याच्या नावाने घेतलं तर?

तिथं दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलं तर कारण न देता १४ दिवसांत सौदा मोडता येतो, युरोपीय संघातही तसंच. खासगी विक्रेत्याला हे लागू नाही. भावाने पत्ता तिथला द्यावा, तिथंच तपासून घ्यावं आणि १४ दिवस संपायच्या आत कळवावं. सुट्टीत येताना आणेल तेव्हा विमानतळावर ते जाहीर करायचं आहे, हे त्याला सांगून ठेवा.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय? परदेशातल्या एकाने मला हसत हसत विचारलं.

हसण्यासारखंच आहे, आणि थोडं लागणारंही. इंटरनेटवर भारतातून विकली जाणारी जुनी फेवर ल्युबा, एचएमटी, वेस्ट एंड, सेइको ५, नव्यासारखी झळकणारी, त्यांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आत जुनं, खरं मशीन. बाहेर नवीन मुलामा दिलेली केस आणि पुन्हा रंगवलेलं डायल, कधी कधी कंपनीने आयुष्यात न काढलेल्या भगव्या किंवा पोपटी रंगात. अक्षरं जाड आणि फुगलेली, सेकंद काटा आखूड, केस दुसऱ्याच मॉडेलची.

फेवर ल्युबा ही १७३७ सालची स्विस कंपनी, हिंदुस्थानात आली १८६५ मध्ये. आपल्याकडे कितीतरी आजोबांच्या मनगटावर तीच होती. त्या घड्याळांना जिवंत ठेवणारे कारागीर हातचे मोठे आहेत, भाग मिळत नसताना ते घड्याळ चालू करतात, आणि गल्लीतल्या गिऱ्हाइकाला चालू घड्याळच हवं असायचं. तेच घड्याळ 'विंटेज, ओरिजिनल डायल' म्हणून विकलं की मग ती फसवणूक. आजोबांचं घड्याळ घरात असेल तर डायल रंगवायला देऊ नका. डाग राहू द्या. डागाचं डायल रंगवलेल्यापेक्षा जास्त किमतीचं असतं.

रोलेक्सचं कसं ओळखायचं?

या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजत नाही. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं, काचेत सहाच्या जवळ सुईच्या टोकाएवढा मुकुट कोरलेला असतो, जुन्यांत सिरियल नंबर सहाच्या बाजूच्या लगांमध्ये आणि २०१० पासून तो यादृच्छिक, त्यावरून साल कळत नाही. हे सगळं खरं, पण नकली बनवणारेही हेच वाचतात. आजकालच्या चांगल्या नकला आत मशीन बघितल्याशिवाय कळत नाहीत. एवढी रक्कम घालायची तर रोलेक्सच्याच सर्टिफाइड प्री-ओन्ड, म्हणजे तपासून विकलेल्या जुन्या घड्याळांच्या, योजनेतलं, अधिकृत विक्रेत्याकडचं बघा. ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. महाग पडतं, पण सोबत कंपनीची दोन वर्षांची हमी येते.

१० लाखांच्या वर किंमत गेली तर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेईल. हा नियम २२ एप्रिल २०२५ पासून आहे. ती काही लूट नाही, तो कर तुमच्या आयकरात वळता होतो.

गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

२०२१ मध्ये असं म्हणणारे खूप होते. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या घड्याळांचे भाव शिगेला पोचले आणि मग घसरले. वरच्या भावात घेतलेले अजून कपाटात ठेवून बसलेत. शिवाय नफ्यासाठी पुन्हा विकायला घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. म्हणजे वर सांगितलेली आयोगाची वाट त्याला बंद.

तुमचं ते घड्याळ आता कुठे आहे?

हातात. काकांनी मशीन पूर्ण उघडून साफ केलं, वायसरं बदलली, मूळ चिन्ह कोरलेली काच मिळवून बसवली. त्या ४५,००० मधले निम्म्याहून थोडे जास्त त्यात गेले. कड्या जर्मनीहून एकाने पाठवल्या. आता दिवसाला तीन सेकंद पुढं जातं, तेवढं पुढं असलेलं बरं, लोकल चुकत नाही. काटे बदलले नाहीत. मूळचे ट्रिटियमचे काटे सापडले होते, पण विकणाऱ्याकडे बाकी सगळी उत्तरं होती, अंधारातला फोटो नव्हता. त्यामुळे रात्री जाग आली तर काटे दिसतात, ठिपके दिसत नाहीत, आणि वाजलेत किती हे अंदाजानेच समजून पुन्हा झोपतो.